एल-थ्री स्विच घ्यावा की राउटर? आधी चार आकड्यांची वजाबाकी करा

"आपल्याला मोठा राउटर लागेल का एल-थ्री स्विच?" असं कुणी विचारलं की मी मॉडेलचं नाव किंवा कॉम्प्युटरांची संख्या विचारत नाही. (एल-थ्री स्विच म्हणजे राउटिंगही करू शकणारा स्विच; राउटिंग म्हणजे पॅकेटं, डेटाचे लहान तुकडे, एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवणं.) आत्ता जो राउटर चालू आहे त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या पोर्टवरचे चार आकडे मागते, तेही सगळ्यात गर्दीच्या तासातले. दहातल्या आठ वेळा उत्तर त्या चार आकड्यांतच असतं. ते कसे काढायचे आणि वाचायचे, हे ज्या कामात मी शिकले तिथूनच सुरुवात करते.

ऑफिस मध्यम आकाराचं होतं. १८० कॉम्प्युटर, जवळपास तेवढेच आयपी फोन आणि ३० कॅमेरे. व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचांवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं, चार होते: १० नंबरचा कॉम्प्युटरांना, २० सर्व्हरना, ३० फोनना, ४० कॅमेऱ्यांना. चौघांचाही गेटवे, म्हणजे व्हीलॅनबाहेर पडायचं दार, एकाच राउटरवर, आणि तो राउटर मुख्य स्विचला एकाच गिगाबिट केबलने जोडलेला. त्या केबलवर ट्रंक (सगळे व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारा जोड) आणि राउटरवर प्रत्येक व्हीलॅनसाठी एक सब-इंटरफेस (त्याच पोर्टचा आभासी भाग). या मांडणीला आमच्यात 'राउटर ऑन अ स्टिक' म्हणतात. सकाळी साडेनऊ ते साडेदहा फोनवर आवाज तुटायचा आणि सर्व्हरवरची फाइल उघडायला अर्धा मिनिट लागायचा. इंटरनेट स्लो आहे असं सगळेच म्हणत होते. मीही पहिल्या दिवशी तेच धरून चालले होते आणि लाइन दुप्पट करायचा प्रस्ताव जवळजवळ पाठवला होता.

पाठवण्याआधी सकाळी पावणेदहाला राउटरवर लॉगिन करून बसले. सीपीयू ९७ टक्के. आतल्या पोर्टवर, म्हणजे ट्रंकवर, राउटरकडे येणारं ट्रॅफिक सेकंदाला २९० मेगाबिट आणि राउटरकडून खाली जाणारं ३३२. इंटरनेटच्या पोर्टवर बाहेर जाणारं १८ आणि बाहेरून येणारं ६०.

आता वजाबाकी करा. खालून २९० वर आले, त्यातले १८ इंटरनेटला गेले. उरलेले २७२ कुठे गेले? दुसऱ्या बाजूने मोजा: खाली ३३२ गेले, त्यातले ६० इंटरनेटवरून आलेले. उरले पुन्हा २७२. दोन्हीकडून तोच आकडा आला की समजायचं, हे ट्रॅफिक ट्रंकवरून वर येतंय, राउटरमध्ये एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जातंय आणि त्याच केबलने खाली परततंय. इमारतीबाहेर ते जातच नाही. प्रत्यक्षात दोन्ही आकडे इतके तंतोतंत जुळतीलच असं नाही, चारपाच टक्के इकडेतिकडे होतात, पण चित्र स्पष्ट दिसतं. राउटर एकूण ३५० मेगाबिट (२७२ आतले, १८ बाहेर जाणारे, ६० बाहेरून येणारे) वाहत होता आणि त्यातले २७२ त्याने वाहायची काही गरजच नव्हती.

हे आकडे काढताना दोन गोष्टी सांभाळा. बऱ्याच राउटरांवर दिसणारा दर पाच मिनिटांच्या सरासरीचा असतो. तीस सेकंदांचा झटका त्यात विरून जातो आणि सगळं आलबेल दिसतं, म्हणून ती मुदत ३० सेकंदांवर आणा. एसएनएमपीवर, म्हणजे यंत्रांचे आकडे दुरून वाचायच्या पद्धतीवर, ग्राफ काढत असाल तर काउंटर ६४ बिटांचे घ्या. ३२ बिटांचा बाइट काउंटर गिगाबिट पोर्ट पूर्ण भरून वाहत असेल तर ३४ सेकंदांत शून्यावर येतो. पाच मिनिटांनी वाचणाऱ्याला मधे तो किती वेळा फिरला हे कळायला मार्ग नाही. गर्दीच्याच वेळी ग्राफ खाली गेलेला दिसला तर आधी हा संशय घ्या.

खरेदीच्या आधी एक नजर

२७२ मेगाबिट कुणाचे हे पाहायला फ्लोची नोंद (कोणतं यंत्र कुणाशी किती बोलतं याची) चालू केली. १२० मेगाबिट निघाले कॅमेऱ्यांचे: ३० कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, दिवसरात्र. कॅमेरे ४० नंबरच्या व्हीलॅनमध्ये आणि त्यांचा रेकॉर्डर मात्र २० नंबरच्या सर्व्हर व्हीलॅनमध्ये बसवलेला. म्हणजे प्रत्येक चित्र रेकॉर्ड व्हायला राउटरची वारी करत होतं! रेकॉर्डर ४० मध्ये हलवला, त्याचा आयपी बदलला, कॅमेऱ्यांना नवा पत्ता दिला. दोन तासांचं काम. दुसऱ्या सकाळी सीपीयू ६२ टक्के होता आणि फोन नीट चालत होते. एक पैसाही खर्च झाला नव्हता.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, एल-थ्री स्विचचं कोटेशन मागवण्याआधी हे बघा: ज्या दोन यंत्रांचं दिवसभर बोलणं चालतं त्यांच्यामध्येच तर तुम्ही व्हीलॅनची भिंत घातली नाही ना? व्हीलॅन पाडणं फार सोपं असतं, म्हणून ते खात्यांच्या नावांवरून पाडले जातात, ट्रॅफिक पाहून पाडले जात नाहीत.

त्या ऑफिसने पुढे एल-थ्री स्विच घेतलाच, कारण उरलेले दीडशे मेगाबिट फाइल सर्व्हरचे होते आणि ते दर महिन्याला वाढत होते. तो बसल्यावर राउटरकडे फक्त इंटरनेटचे ७८ मेगाबिट राहिले. लाइन आजही तीच आहे.

दोघांत फरक कुठे पडतो

राउटिंगचं काम दोघंही तेच करतात. पॅकेट आलं, जाण्याचा पत्ता पाहिला, टेबलमध्ये सगळ्यात नेमका जुळणारा मार्ग शोधला, टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) एकने कमी केला, पुढच्या यंत्राचा मॅक पत्ता (हार्डवेअरचा पत्ता) लावला, दिलं सोडून. लहान-मध्यम राउटरात हे काम सीपीयूवर चालणारं सॉफ्टवेअर करतं. त्यामुळे त्याला काहीही शिकवता येतं: नॅट (पत्ते बदलणं), व्हीपीएन (एन्क्रिप्ट केलेला बोगदा), शेपिंग (वेग आवरणं), ट्रॅफिकची तपासणी. पण शिकवलेली प्रत्येक गोष्ट त्याच सीपीयूचा वेळ खाते. एल-थ्री स्विचात हे काम एसिक, म्हणजे याच कामासाठी बनवलेली चिप, करते. मार्गांचं टेबल टीकॅम नावाच्या खास मेमरीत भरलेलं असतं आणि शोध एका फटक्यात लागतो, टेबलात दहा मार्ग असोत की पाच हजार. पण चिपमध्ये कारखान्यात जे कोरलं गेलं तेवढंच तिला येतं. (मोठ्या राउटरांतही अशा चिपा असतात. हा लेख ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या रॅकमध्ये बहुधा ते नसतात.)

वेगाचा हिशेब पॅकेटांत करा, मेगाबिटांत नको. गिगाबिट पोर्टवर सगळ्यात लहान, ६४ बाइटांच्या फ्रेम (केबलवरून जाताना पॅकेटाचं रूप) सलग धावल्या तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार होतात. १५१८ बाइटांच्या मोठ्या फ्रेम धावल्या तर ८१ हजारांच्या आसपास. सीपीयूला प्रत्येक पॅकेटमागे जवळपास तेवढेच कष्ट पडतात, मग ते लहान असो वा मोठं. म्हणून जो राउटर मोठ्या फाइली सहज वाहतो तो फोनच्या लहान पॅकेटांपुढे दमतो. जी.७११ या आवाजाच्या कोडेकचा एक कॉल २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत एका दिशेला सेकंदाला ५० पॅकेटं टाकतो, जेमतेम २०० बाइटांची. शंभर कॉल म्हणजे दोन्ही दिशा मिळून दहा हजार पॅकेटं, आणि मेगाबिटांत पाहाल तर ते किरकोळ वाटतात.

डेटाशीटही याच नजरेने वाचायची. २४ गिगाबिट पोर्टांच्या स्विचला पूर्ण वेगाने चालायचं तर सेकंदाला ३ कोटी ५७ लाख पॅकेटं झेपायला हवीत. डेटाशीटमध्ये हा आकडा ३५.७ एमपीपीएस (सेकंदाला दशलक्ष पॅकेटं) असा दिसतो. वरच्या अपलिंक पोर्टांचा हिशेब वेगळा धरावा लागतो. राउटरच्या डेटाशीटमध्ये मोठ्या अक्षरांतला आकडा बहुतेक वेळा मोठ्या पॅकेटांचा आणि कुठलीही सेवा चालू नसतानाचा असतो. खालच्या तक्त्यात आयमिक्स, म्हणजे लहानमोठ्या पॅकेटांच्या मिश्रणाचा आणि नॅट किंवा आयपीसेक (व्हीपीएनचं एन्क्रिप्शन) चालू असतानाचा आकडा शोधा. तो दिलाच नसेल तर विक्रेत्याकडून लेखी मागा. काही राउटरांवर वेग लायसन्सने बांधलेला असतो, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

एल-थ्री स्विचला जे येत नाही

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात महाग चुका इथेच होतात. "स्विच राउटिंग करतो ना, मग राउटर काढून टाकू" हे वाक्य मी अनेक बैठकांत ऐकलं आहे.

पहिली अडचण नॅटची. तुमच्या आतले पत्ते १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात, ते इंटरनेटवर चालत नाहीत. कुणीतरी ते सार्वजनिक पत्त्यात बदलून द्यावे लागतात आणि कुठला जोड कुणाचा याची वही ठेवावी लागते. बहुतेक एल-थ्री स्विचांना हे जमत नाही. काही वरच्या मॉडेलांना जमतं, पण तिथेही जोडांच्या संख्येला मर्यादा असते. पीपीपीओई डायलिंग (युजरनेम-पासवर्डने लाइन जोडणं), फोर-जीची बॅकअप लाइन, शाखेपर्यंतचा आयपीसेक बोगदा हीदेखील राउटरचीच कामं.

दुसरी अडचण लवकर लक्षात येत नाही, ती शेपिंगची. समजा सेवा देणाऱ्या कंपनीने १०० मेगाबिटची लाइन गिगाबिट पोर्टवर दिली आहे. तुमच्या यंत्राला समोर गिगाबिट दिसतं, ते गिगाबिटच्या वेगाने पॅकेटं सोडतं आणि पलीकडे शंभरच्या वरची सगळी टाकली जातात. टाकताना कोणतं पॅकेट फोनचं आणि कोणतं फाइलचं हे पलीकडचं यंत्र बघत नाही. राउटर इथे स्वतःच शंभरच्या जरा खाली थांबतो, जास्तीची पॅकेटं रांगेत ठेवतो आणि फोनच्या पॅकेटांना पुढे काढतो. त्याला रांगेसाठी जागाही हवी. १०० मेगाबिटची एका सेकंदाची रांग म्हणजे साडेबारा मेगाबाइट. साध्या एल-थ्री स्विचात सगळ्या पोर्टांना मिळून जेमतेम तेवढा बफर असतो. शिवाय बरेच स्विच पोलिसिंगच करतात, म्हणजे मर्यादेपलीकडचं पॅकेट थांबवून न ठेवता टाकून देतात.

तिसरी, सुरक्षेची. स्विचवरची एसीएल (काय जाऊ द्यायचं आणि काय नाही याच्या नियमांची यादी) प्रत्येक पॅकेट सुटं पाहते. आतल्याने सुरू केलेल्या संवादाचं उत्तर आत येऊ द्यायचं आणि बाहेरच्याने सुरू केलेलं नाही, हे तिला खऱ्या अर्थाने कळत नाही. 'एस्टॅब्लिश्ड' असा शब्द टाकता येतो, पण तो फक्त टीसीपीच्या (आधी जोड जुळवून बोलणाऱ्या प्रोटोकॉलच्या) पॅकेटातली एसीके किंवा आरएसटी खूण पाहतो, आणि ती खूण कुणालाही लावता येते. यूडीपीला, जिथे जोड जुळवलाच जात नाही, तर तेवढाही आधार नाही. म्हणून पाहुण्यांच्या वायफायचा गेटवे मी कधीही एल-थ्री स्विचवर ठेवत नाही. तो व्हीलॅन स्विचमधून नुसता लेयर टूने, म्हणजे राउटिंग न करता, पार करून फायरवॉलवर नेते. सगळ्या व्हीलॅनचे गेटवे एकाच यंत्रावर असावेत असा काही नियम नाही. फायली आणि कॅमेरे स्विचवर, पाहुणे आणि बाहेरच्या कंत्राटदारांची यंत्रं फायरवॉलवर, ही वाटणी मला सगळ्यात टिकाऊ वाटते.

चौथी, टेबलाच्या आकाराची. टीकॅम भरला की उरलेले मार्ग एक तर गळतात किंवा सीपीयूकडे जातात. स्विचचा सीपीयू राउटरच्या मानाने दुबळा असतो, तो लगेच गुदमरतो. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटरनेटचं संपूर्ण बीजीपी टेबल (जगभरच्या मार्गांची यादी) ५ लाख १२ हजारांच्या मर्यादेला भिडलं, तेव्हा ज्या यंत्रांच्या टीकॅममध्ये तेवढीच जागा राखलेली होती ती जगभर अडखळली. आज ते टेबल नऊ लाखांच्या पुढे आहे. दोन कंपन्यांकडून पूर्ण बीजीपी टेबल घ्यायचं असेल तर साध्या एल-थ्री स्विचचा विचारही करू नका. ऑफिसच्या आत मात्र पन्नास-शंभर मार्ग असतात, तिथे ही काळजी नाही. काही स्विचांवर टीकॅमची वाटणी ठरवणारा टेम्प्लेट असतो. राउटिंगचा टेम्प्लेट निवडून स्विच रीबूट करायचा असतो, आणि हे बसवण्याच्या दिवशीच करून टाकलेलं बरं.

मग काय घ्यायचं

वजाबाकीतून आलेला आकडा राउटरच्या खऱ्या, सेवा चालू असतानाच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी असेल आणि वर्षभरात फारसं वाढायची चिन्हं नसतील, तर आहे तो राउटर ठेवा. दोन-तीन व्हीलॅन आणि सगळं काम क्लाउडवर असलेल्या ऑफिसात राउटर ऑन अ स्टिक अगदी योग्य मांडणी आहे. तिथे एल-थ्री स्विच म्हणजे सांभाळायला एक जास्तीचं यंत्र. आकडा मोठा असेल, सर्व्हर इमारतीतच असतील, रात्रीचा बॅकअप एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जात असेल, तर आत एल-थ्री स्विच आणि बाहेरच्या तोंडाशी राउटर किंवा फायरवॉल, अशी जोडी हवी. नुसता एल-थ्री स्विच पुरतो तो इंटरनेटशी संबंध नसलेल्या बंद नेटवर्कला.

जोडी बसवताना

स्विच आणि राउटरमध्ये वेगळा लहानसा सबनेट (पत्त्यांचा गट) ठेवा, दोन पत्त्यांचा /३० पुरतो. स्विचवर डिफॉल्ट रूट (दुसरा मार्ग माहीत नसेल तेव्हाचा) राउटरकडे. इथपर्यंत सगळे करतात. विसरतात ते परतीचे मार्ग. १०.१०.१०.० आणि १०.१०.२०.० हे सबनेट पूर्वी राउटरला थेट जोडलेले होते, आता ते स्विचच्या पलीकडे गेले आहेत. राउटरला स्टॅटिक रूटने (हाताने लिहिलेल्या मार्गाने) किंवा ओएसपीएफने (यंत्रं आपसांत मार्ग सांगतात त्या प्रोटोकॉलने) ते सांगावं लागतं, आणि नॅटच्या यादीतही ते सबनेट असावे लागतात.

ही चूक ओळखायची खूण सांगते. स्विचवरून इंटरनेटला पिंग (उत्तर येतं का पाहणारं चाचणीचं पॅकेट) करा, व्यवस्थित जातं. कॉम्प्युटरवरून करा, काहीच नाही. माणूस मग कॉम्प्युटर तपासत बसतो. स्विच पिंग करताना /३० मधला स्वतःचा पत्ता वापरतो आणि तो राउटरला माहीत असतो, म्हणून ते जातं. तीच पिंग स्विचवरूनच, पण सोर्स म्हणून व्हीलॅन १० चा पत्ता देऊन करा. अडकली तर दोष राउटरच्या परतीच्या मार्गात किंवा नॅटच्या यादीत आहे.

याच्या जवळची दुसरी खूण: स्विचवरून सगळ्या व्हीलॅनमध्ये पिंग जातं, पण एका व्हीलॅनमधला कॉम्प्युटर दुसऱ्यात पोहोचत नाही. अनेक स्विचांवर राउटिंग मुळात बंद असतं, ते एका कमांडने चालू करावं लागतं. आणि व्हीलॅनचा इंटरफेस डाउन दिसत असेल तर त्या व्हीलॅनचा एक तरी पोर्ट चालू आहे का ते पाहा. एकही चालू नसेल तर बहुतेक स्विच तो इंटरफेस वर येऊच देत नाहीत.

गेटवे स्विचवर आला की डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेच्या) विनंत्या पुढे पाठवण्याचं कामही त्याच्याकडे येतं. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम पाठवलेलं पॅकेट, व्हीलॅन ओलांडत नाही, म्हणून प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसवर डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता हेल्पर म्हणून द्या. हे राहिलं तर त्या दिवशी काही कळत नाही, जुन्या लीज (मुदतीवर मिळालेले पत्ते) चालू असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेक कॉम्प्युटर गळायला लागतो. प्रिंटर नव्याने वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकले असतील तर लॅपटॉपना ते आपोआप सापडेनासे होतील. तो शोध एमडीएनएसवर (जवळची यंत्रं नावाने शोधायच्या पद्धतीवर), २२४.०.०.२५१ या पत्त्यावर चालतो आणि तो पत्ता राउट होत नाही. प्रिंटर आयपीने जोडून द्या किंवा एमडीएनएस पुढे पोहोचवणारी सोय वापरा.

गेटवे हलवण्याच्या रात्री चारही व्हीलॅन एकदम हलवू नका. सगळ्यात कमी वापराचा आधी, फोन सगळ्यात शेवटी. गेटवेचा आयपी तोच राहतो पण मॅक पत्ता बदलतो. कॉम्प्युटर नवा मॅक लवकर शिकतात, जुने प्रिंटर आणि कॅमेरे मात्र कधी कधी जुनाच धरून बसतात, त्यांना बंद करून चालू करावं लागतं. तशा यंत्रांची यादी, कुठल्या खोलीत काय आहे यासकट, आधीच हातात असू द्या. राउटरवरचे जुने सब-इंटरफेस पुसू नका, नुसते शटडाउन करून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला पुन्हा तेच चार आकडे घ्या. आतल्या आणि इंटरनेटच्या पोर्टांची वजाबाकी शून्याच्या आसपास आली, की एक आठवडा जाऊ द्या आणि मग ते सब-इंटरफेस काढून टाका.